धूमाक्षाचं पंधरावं मरण

"बाई, आज लाथ जरा खाली घाला. परवाची बरगडीवर बसली."

"मामा, खाली घातली तर पोटात बसेल."

"बसू द्या की. पोटावर गादी बांधलीय, बरगडीवर काय न्हाई."

मी वाकून दौलतमामांच्या पायाला हात लावला आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हा आमचा नेम होता. वडीलधाऱ्या नटाला मारायचं असेल तर आधी त्याच्या पाया पडायचं, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यानंतर साडेनऊ वर्षं मी दर मारामारीला त्यांच्या पाया पडत होते आणि लगेच त्यांना तुडवत होते.

"मारा, पण मनापासनं मारा," ते नेहमीसारखं म्हणाले. "हातचं राखून मारलं की पडणाऱ्यालाच जास्त लागतं."

आमच्या मालिकेचं नाव 'तारागड'. आज पंचविशीच्या पुढे असलेल्यांना सांगायला नको. अंतराळात तरंगणारा एक गड, त्यावर राहणारी तीनशे माणसं, आणि त्या गडाची किल्लेदार इरा, म्हणजे मी, अनघा हर्डीकर. इरेच्या हाती अल्युमिनियमची कट्यार, कमरेला चंदेरी शेला आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. हे बूट इतके चावायचे, की पडद्यावर दिसणारा माझा सगळा त्वेष खरा असे. चित्रीकरण इचलकरंजीजवळच्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीत चाले. तिथली जुनी यंत्रं चंदेरी रंगवून, त्यांना लाल-हिरवे दिवे लावून आमचं यान झालं होतं. एका तरफेवर 'तेल द्या' असं लिहिलेलं कुणी पुसलंच नाही. ती तरफ ओढून मी नऊ वर्षं प्रकाशाच्या वेगाने गेले.

आणि आमचा खलनायक धूमाक्ष. काळा झगा, काळे हातमोजे आणि डोक्यावर लोखंडी टोप, ज्याच्या डोळ्यांच्या भोकांतून धूर निघे. त्याला मी चौदा वेळा मारलं होतं. एकदा गडाच्या दारातून बाहेर ढकलून, एकदा सूर्यात लोटून, एकदा आम्लाच्या हौदात, एकदा तर भर लग्नमांडवात. दर वेळी तो तीन-चार महिन्यांनी धूर सोडत परत यायचा. आमच्या लेखकाचा एकच नियम होता. "प्रेत दाखवलं नाही ना? मग मेला नाही." प्रेक्षकांनाही ते पाठ झालं होतं. धूमाक्ष दरीत पडला की घरोघरी लोक म्हणत, बघा, दिवाळीपर्यंत येतोय परत.

तो टोप घालणारा माणूस म्हणजे दौलतमामा. दौलत रामा शिंगटे. वय साठीच्या आसपास. साडेनऊ वर्षांत त्यांचा चेहरा कुणी पाहिला नव्हता आणि आवाजही कुणी ऐकला नव्हता. धूमाक्षाचा तो घुमणारा आवाज मुंबईच्या एका गृहस्थांचा होता. मामा आत नुसते ओठ हलवायचे, आणि तेही कुणाला दिसायचे नाहीत. तरी ते प्रत्येक वाक्य पाठ करायचे. "आवाज दुसऱ्याचा असला तरी राग माझाच हाय न्हवं," असं म्हणायचे.

आणि त्यांच्या गावात, धामणेवाडीत, कुणाचा विश्वासच नव्हता. मामांची बायको आक्काताई सगळ्यांना सांगायच्या, की आमचे मालक टीव्हीवर धूमाक्षाचं काम करतात. बाया हसायच्या. "व्हय व्हय, आनि माझा नवरा चंद्रावर हाय," म्हणायच्या. कुणीतरी उठवलं होतं, की दौलत तिकडे झाडलोट करतो. आक्काताई टोपातला माणूस दाखवून सांगायच्या, अगं ही चाल बघ, हे त्यांचंच चालणं. त्यावर आणखी हशा व्हायचा.

म्हणून मामांचं एकच मागणं होतं. एकदा टोप काढा. पाचशेव्या भागाच्या पार्टीत आमचे दिग्दर्शक निनाद सर भावनेच्या भरात म्हणून गेले होते, "मामा, हजाराव्या भागात तुमचा टोप काढणार. शब्द देतो."

आणि आज हजारावा भाग होता.

साधासुधा नव्हे, थेट प्रक्षेपण! संध्याकाळी सात वाजता, सूतगिरणीतूनच, दोन हजार प्रेक्षकांसमोर. सकाळपासून आवारात प्रक्षेपणाची ओबी व्हॅन उभी होती, वायरींचं जाळं पसरलं होतं, दुपारी तीनलाच फाटकाबाहेर रांग लागली होती. गिरणीत पूर्वी काम केलेले लोक बायकापोरांसह आले होते आणि पहारेकऱ्याला ऐकवत होते, की आम्हाला काय अडवतोस, हे आमचंच यंत्र आहे. थेट म्हणजे थेट. चुकलं तर महाराष्ट्राच्या देखत चुकणार.

मामा सगळ्यात आधी आले होते. दाढी गुळगुळीत, मिशीला कलप, केसांना तेल. टोपाच्या आत असणाऱ्या माणसाने कशाला इतकं नटावं, असं कुणीही म्हणालं असतं. आम्हाला ठाऊक होतं.

"गावात देवळाच्या मंडपात टीव्ही लावलाय," त्यांनी मला सांगितलं. "आक्काताईनं सगळ्यास्नी दम दिलाय, आज समद्यांनी यायचं. सरपंच बी येणार हाय."

साडेचार वाजता निनाद सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्याबरोबर एक उंच, गोरा, बघताक्षणी ओळखीचा वाटणारा माणूस होता. हर्षवर्धन देशमाने. त्याच्या दोन मालिका गाजत होत्या आणि घराघरांतल्या आया त्याच्यावर फिदा होत्या. त्याच्या अंगावर धूमाक्षाचा झगा होता.

"अनघा, शेवट बदललाय," सर म्हणाले. "चॅनेलचं आत्ताच ठरलं. धूमाक्ष यंत्रामागे पडतो, धूर होतो. तू आठ अंक मोजायचेस. तेवढ्यात मामा मागून रांगत बाहेर जातील आणि हर्षवर्धन त्यांच्या जागी झोपेल. तू जाऊन टोप काढायचास आणि आत हर्षवर्धन. चाळिसाव्या भागात हरवलेला तुझा भाऊ! तू म्हणायचं, 'दादा! तू?' खलास. महाराष्ट्र वेडा होईल."

"आणि मामा?"

"मारामारीला मामाच राहतील. हर्षवर्धन काही कोलांट्या मारणार नाही. त्यांचं काम कुठे जात नाही."

"सर, तुम्ही शब्द दिला होता."

निनाद सर वाईट नव्हते. त्यांनी खाली पाहिलं. "मी काय करू सांग? उद्या मामांचा चेहरा दाखवला, तर लोक विचारतील, हा कोण? चेहरा असा हवा की लोकांनी ओळखला पाहिजे. तूच सांग ना मामांना. तुझं ऐकतात ते."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून स्वतःचा आला, कारण मी "नाही" म्हटलं नाही. मान हलवली आणि गेले.

मामा जुन्या कापूस-गोदामात एका गाठीवर बसून टोप फडक्याने पुसत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला.

"बरं," ते म्हणाले.

"मामा, मी भांडले असते, पण…"

"भांडून काय व्हतंय. तो पोरगा दिसायला चांगलाय." टोप पुसतच त्यांनी विचारलं, "मग मी कुठनं भाईर पडायचं? उजव्या अंगानं का डाव्या?"

हा प्रश्न ऐकून मला रडूच फुटलं. माणसाने आरडाओरडा केला असता, टोप फेकला असता, तर मी धीर दिला असता. हे म्हणतात उजवं की डावं!

"उजव्या," मी म्हणाले.

"बरं." त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "आक्काताईला सांगून टाकतो. उगं लोकांपुढं…"

फोन लागला. पलीकडे कल्ला होता, मला बाजूला ऐकू येत होता. भजनाच्या पेटीचा आवाज, बायकांचं हसणं, आणि आक्काताईंचा चढा सूर, "अवं समदी आल्यात! सरपंचाच्या बाईला म्होरं बसवलंय मी. बोला बिगीबिगी!"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "जेवून बसा म्हनलं. येळ व्हईल."

त्यांनी फोन ठेवला आणि टोप डोक्यावर चढवला. मागचे दोन स्क्रू मी पिळून दिले. ते रोज कुणी ना कुणी पिळायचंच. त्या टोपातून आपल्या हाताने कुणाला बाहेर येता यायचं नाही.

सात वाजले.

कानातल्या यंत्रातून निनाद सरांनी उलटे अंक मोजले, लाल दिवा लागला आणि दोन हजार माणसांनी अशी आरोळी ठोकली की छतावरचे पारवे उडाले. माझी भीती कुठल्या कुठे पळाली. तो अर्धा तास मी जमिनीवर नव्हतेच! माझे संवाद लोक माझ्याआधी म्हणत होते. मी 'तेल द्या'ची तरफ ओढली तेव्हा शिट्ट्यांनी गिरणी दणाणली. आमचा यंत्रमानव घंगाळ्या पाय अडकून पडला, तर लोकांना वाटलं तो विनोदच आहे, त्यांनी त्याला पुन्हा पडायला लावलं. सात वीसला धुराचा लोट आला, धूमाक्ष यंत्रांच्या मधून चालत पुढे आला आणि सगळं आवार "मारा! मारा!" करून उठलं.

आणि मामा लढले. देवाशपथ, तसे ते आधी कधी लढले नव्हते. साठीचा माणूस, डोक्यावर तीन किलोचं लोखंड, आणि दोन यंत्रांच्या मधल्या पट्टीवरून असे धावले की कॅमेऱ्यामागच्या बशीरभाईंना क्रेन वळवता वळवता धाप लागली. ध्वनिफितीवरून तो घुमणारा आवाज येत होता, "इरा, हा गड तुझी कबर होईल!" आणि मामा एकेका शब्दाला हात असे झटकत होते, की शब्द त्यांच्याच पोटातून येतायत असं वाटावं. माझ्या कट्यारीचा वार त्यांनी हातमोज्यावर झेलला. मी गिरकी घेतली. लाथ घातली, मनापासून, पोटावर. ते पाच फूट मागे उडाले, मोठ्या पिंजण यंत्राच्या कडेवर आदळले आणि पलीकडे कोसळले.

धूर सुटला. मी यंत्राला वळसा घालून मागे धावले. ठरलेलंच होतं, तिथे जाऊन प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहायचं आणि मोजायचं.

एक. दोन.

मामा पालथे पडले होते. धुरात ते उजवीकडे रांगू लागले. तीन. डावीकडे, सहा फुटांवर, गादीवर हर्षवर्धन नवाकोरा फायबरचा टोप घालून आडवा पडायच्या तयारीत होता. चार. मामा कोपरांवर रांगत होते, झगा मागे फरफटत होता. साडेनऊ वर्षं महाराष्ट्राची झोप उडवलेला धूमाक्ष कुणाला दिसू नये म्हणून रांगत चालला होता.

पाच म्हणायच्या आत मी त्यांच्या झग्यावर पाय दिला.

झगा ताणला गेला. मामा थांबले, पुन्हा ओढ घेतली. "बाई, पाय काढा," टोपातून दबका आवाज आला. "झगा अडकलाय."

"अडकला नाही. मी धरलाय. हलू नका."

"अवं बाई, आठ झालं की!"

मी त्यांच्या काखेत हात घातले आणि त्यांना ओढत यंत्राच्या पुढे आणलं, उघड्यावर, दिव्यांखाली. मामा जडच होते, पण माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. धूर विरला आणि लोकांना दिसलं, की किल्लेदार इरा धूमाक्षाला फरफटत बाहेर आणते आहे. जो जल्लोष झाला! कानात निनाद सर किंचाळत होते, "सोड त्याला! अनघा, सोड! अगं हा नाही, तो!" मी कानातलं यंत्र उपटून फेकलं. समोर बशीरभाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि ओबी व्हॅनमधून त्यांच्या कानात जे काही ओरडणं चाललं असेल ते चालू देऊन क्रेन सरळ आमच्यावर खाली आणली.

मी मामांना कुशीवर वळवलं आणि कट्यारीचं टोक पहिल्या स्क्रूत घातलं. फिरला. निघाला. दुसरा हलेना. माझा घाम हातावर, कट्यार सटकत होती. दोन हजार माणसं आता गप्प झाली होती. त्यांना कळलं होतं, टोप निघणार. "इकडं नगं, उलटं पिळा," मामा आतून पुटपुटले. म्हणजे त्यांनीही ठरवलं होतं! मी उलटं पिळलं. खट् झालं. मी टोप दोन्ही हातांनी धरला आणि ओढून काढला.

आत दौलतमामा होते. घामाने चिंब, कलप ओघळलेला, केस डोक्याला चिकटलेले, डोळे मिटलेले. धूमाक्ष मेला होता आणि त्याचं प्रेत सगळ्या महाराष्ट्राला दिसत होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी ओरडलं नाही. मागून एक बाई अगदी स्पष्ट म्हणाली, "ह्यो कोन?"

निनाद सर बरोबर बोलले होते! लोकांनी ओळखावा असा चेहराच नव्हता तो. मी मारे हिय्या करून टोप काढला, पण पुढे काय, याचा विचारच केला नव्हता. माझ्याकडे एकच वाक्य होतं, 'दादा! तू?' आणि साठीच्या माणसाकडे बघून ते म्हणायची सोय नव्हती. पाच सेकंद गेले. थेट प्रक्षेपणात पाच सेकंद म्हणजे काय ते उभं राहणाऱ्यालाच कळतं. मामांना चेहरा द्यायला निघाले होते आणि भर गर्दीत त्यांचं हसं करून बसले होते.

तेवढ्यात मेलेल्या माणसाने डोळे उघडले.

माझा माइक शेल्याला होता आणि मी त्यांच्यावर वाकले होते, म्हणून त्यांचा आवाज सगळीकडे गेला. बारीक, जरासा घोगरा, गावाकडचा आवाज. धूमाक्षाच्या गर्जनेनंतर तो ऐकून लोक दचकले.

"वळखलंस का, इरा?"

मी मान हलवली. नाही. ती इरेने हलवली की मी, मला आजही सांगता येणार नाही.

"कसं वळखशील? चौदा येळा मारलंस. एकदा तरी इचारलंस, बाबा, तू हाईस कोन?"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते अभिनयाचं नव्हतं.

"कोण आहात तुम्ही?" मी विचारलं.

ते कोपरावर उठले. कॅमेऱ्याकडे पाहिलं, सरळ भिंगात, जे नटाने कधी करायचं नसतं.

"दौलत रामा शिंगटे," ते म्हणाले. "मुक्काम पोस्ट धामणेवाडी. साडेनऊ वर्सं आत मीच हुतो."

मग त्यांनी एकदा समाधानाने श्वास सोडला, मान टाकली आणि मेले. काय मेले! हात कसा पडावा, बोटं कशी उलगडावीत, सगळं जिथल्या तिथे.

आधी गिरणीतल्या जुन्या कामगारांच्या बाजूने एक शिट्टी आली. मग दुसरी. मग लोक उभे राहिले. "शिंगटे! शिंगटे!" असं कुणीतरी सुरू केलं आणि सगळं आवार ते नाव ओरडायला लागलं. दोन मिनिटांपूर्वी ज्यांना हा माणूस कोण ते ठाऊक नव्हतं, ते रुमाल उडवत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मी मामांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आणि मेलेल्या मामांचं पोट हसण्याने हलत होतं.

गंमत पुढेच झाली. मागे गादीवर हर्षवर्धन बिचारा आडवा होता. नवीन टोपात त्याला धड ऐकू येत नव्हतं. आठ झाले, ऐंशी झाले, त्याचा टोप काढायला कुणी येईना. लोकांचा गलका ऐकून त्याला वाटलं, आपलीच वेळ झाली. तो उठून यंत्रामागून उभा राहिला. काळा झगा, काळा टोप, डोळ्यांतून धूर!

मग जी किंकाळी उठली ती सात मैलांवर गेली असेल. आडवा मेलेला धूमाक्ष, आणि त्याच्या मागे उभा धूमाक्ष! बशीरभाईंनी क्रेन हळूच वर नेली, दोघांना एकाच चौकटीत धरलं आणि तेवढ्यात वेळ संपली, नावं वर सरकू लागली.

निनाद सर ओबी व्हॅनमधून धावत आले ते मला खाऊ की गिळू करत. माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत त्यांचा फोन वाजला. चॅनेलचे सर्वांत मोठे साहेब. सरांचा चेहरा पांढरा, मग लाल, मग फुललेला. "हो सर… हो, ठरवूनच… माणूस मरतो, दुष्टपणा मरत नाही, अशी कल्पना होती सर. नाही, कुणाला सांगितलंच नव्हतं. थँक यू सर." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिवी आवरली आणि पाठीवर थाप मारून निघून गेले.

मालिका पुढे आणखी तीन वर्षं चालली. टोपात हर्षवर्धन. त्याची एकच अट होती, हा म्हातारा मला सेटवर दिसता कामा नये. कोलांट्यांना दुसरा मुलगा आणला. 'तारागडा'त जे जे मेले ते सगळे कधी ना कधी परत आले. हरवलेला भाऊ आला, सर्पनगरीची राणी दोनदा आली, वितळलेला घंगाळ्याही आला. एकटे दौलतमामा आले नाहीत. त्यांचं प्रेत दाखवलं होतं ना. मी पाय दिला नसता, तर ते आणखी तीन वर्षं टोपात राहिले असते. मी त्यांचं भलं केलं की वाटोळं, हा हिशेब मला पंधरा वर्षं लागलेला नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. गर्दीतून वाट काढत आम्ही कापूस-गोदामात आलो. मामा गाठीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं.

"मामा, चुकलं असेल तर माफ करा. काम जाईल तुमचं."

"जाऊ द्या. लई मेलो, आता एकदा नीट मेलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्ये मी तुम्हास्नी न्हाई बोललो, बाई. त्ये इराला."

"कळलं मला," मी म्हणाले. ते खोटं होतं, आणि ते त्यांनाही कळलं होतं. साडेनऊ वर्षांत मी त्यांच्या पायाला हजार वेळा हात लावला होता, पण तुम्ही पूर्वी काय करत होता, तुम्हाला मुलंबाळं किती, असलं काही एकदाही विचारलं नव्हतं. आक्काताईंचं जे माहीत होतं तेही त्यांनी आपणहून सांगितलेलं.

फोन वाजला. हातमोज्यांमुळे मामांना कळ दाबता येईना, म्हणून मी दाबली आणि स्पीकर लावला. आधी नुसता ढोल ऐकू आला. धामणेवाडीत ढोल काढले होते! कुणीतरी "दौलतराव शिंगट्यांचा विजय असो" ओरडत होतं, बहुतेक सरपंच.

"अवं," आक्काताई म्हणाल्या.

"बघितलं का?" मामांनी विचारलं.

"बघितलं."

"सरपंचाची बाई काय म्हनली?"

"तिला घाला चुलीत," आक्काताई म्हणाल्या. "अवं, तुमच्या उजव्या कानाला काय झालंय? कडंनं समदा काळा पडलाय. टोप काचतोय का? किती वर्सं काचतोय? आनि तिथं एवढी मानसं हाईत तुमच्यासंगं, एकाला बी दिसलं न्हाई व्हय?"

मामांनी हात उचलून कान झाकला. मी तो हात बाजूला केला आणि पाहिलं. कानाच्या कडेला बोटभर लांबीचा घट्टा होता, जुना, दगडासारखा, आणि त्याच्या मधोमध त्या दिवशीचं ताजं रक्त.